तोर्रेसची पुठ्ठ्याची गिटार, तारेगाचं गाव आणि लिनारेसचा म्हातारा

स्पेनला चाललोय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न "तो टोमॅटो फेकायचा सण कधी असतो" आणि दुसरा "बुलफाइट बघणार का". आमच्या यादीत विलारेआल, अल्मेरिया, लिनारेस असली गावं बघून व्हिसाचे कागद लावणारा एजंटसुद्धा म्हणाला, मॅडम इथे नक्की आहे काय?

तर काय आहे ते सांगते. मी पुण्यात क्लासिकल गिटार शिकते. नायलॉनच्या तारा, पिक नाही, डावा पाय फूटस्टूलवर आणि समोर नोटेशन. ग्रेडच्या पुस्तकाचं कुठलंही पान उघडा, बहुतेक वेळा नाव स्पॅनिश नाहीतर लॅटिन अमेरिकन. सोर, अग्वादो, तारेगा, योबेत, पोन्से, बारियोस, लाउरो, ब्राउअर. मधेच इटलीचा जुलियानी डोकावतो, बाख तर सगळीकडेच असतो, पण बाख गिटारवर आणून मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवला तोही स्पॅनिश माणसानेच. बाबांनी एकदा माझं पुस्तक चाळता चाळता विचारलं, "ही सगळी मंडळी एकाच गल्लीतली का गं?" बाबा बँकेतून रिटायर झालेत, आयुष्यभर हौसेने तबला वाजवलाय, गिटारमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही असं स्वतःच सांगतात पण कान एकदम तयार. मग ठरलं की ती गल्ली बघूनच येऊ. एप्रिल संपता संपता निघालो.

मंगळवार, बार्सिलोना

गाउदीचं चर्च बाहेरूनच बघितलं (तिकीट काढलं नव्हतं आणि रांग बघून बाबा म्हणाले राहू दे) आणि सरळ म्युझिक म्युझियम गाठलं. लाउदितोरी नावाचा मोठा कॉन्सर्ट हॉल आहे त्याच इमारतीत आहे. टुरिस्ट फारसे नसतात. आम्ही गेलो तेव्हा एक शाळेची सहल होती, ती ढोलताशे बघायला पुढे पळाली आणि गिटारींच्या दालनात आम्ही दोघंच उरलो. गिटारींचा जगातल्या महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक इथे आहे. बरोक काळातल्या हस्तिदंती नक्षीच्या, कमरेला अगदी बारीक, पाच जोड तारांच्या गिटारी आधी येतात, बघायला दागिन्यासारख्या. मग हळूहळू तारा सहा होतात, जोड जाऊन एकेरी होतात, नक्षी कमी होत जाते आणि पोट मोठं होत जातं.

आणि मग ती. १८६२ सालची, अंतोनिओ दे तोर्रेसने बनवलेली, जिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या आहेत. हो, पुठ्ठा. तोर्रेसचं म्हणणं होतं की गिटारचा आवाज ठरवते ती पुढची फळी, बाकीचं सगळं दुय्यम, आणि ते नुसतं बोलून दाखवण्यापेक्षा त्याने करून दाखवलं. पुढची फळी चांगल्या स्प्रूसची आणि मागचं सगळं पुठ्ठ्याचं. आता ती वाजवण्याच्या अवस्थेत नाही, पण जुन्या काळी ज्यांनी ऐकली त्यांनी तारीफच केलीय. बाबा काचेला नाक लावून किती तरी वेळ उभे, शेवटी म्हणाले, "आमच्या डग्ग्या-तबल्याचं खोड पुठ्ठ्याचं करून दाखव म्हणावं." त्यांना ते बिलकुल पटलेलं नव्हतं. हा वाद पुढे ग्रानाडापर्यंत चालला.

संध्याकाळी पालाउ दे ला मुसिका हा कॉन्सर्ट हॉल. आत टूर घेता येते, पण मी म्हणेन टूरऐवजी कॉन्सर्टचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढा, छताची रंगीत काच तशीही दिसतेच. ९ नोव्हेंबर १९४० ला इथेच रोद्रिगो या स्पॅनिश संगीतकाराचा 'कॉन्सिएर्तो दे अरांहुएझ' (गिटार आणि वाद्यवृंद) पहिल्यांदा वाजला, गिटारवर रेहिनो साइन्झ दे ला मासा. यादवी युद्ध संपून दीडेक वर्ष झालेलं, देश उपाशी आणि इथे बाहेर भिंतीभिंतीवर फुलं, आत हा कॉन्सिएर्तो.

जेवणाचं सांगायचं तर बार्सिलोनात शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह ऑइल, एवढंच, पण ते जाम भारी लागतं. भाजलेली वांगी-ढोबळी मिरची मिळते तिला एस्कालिवादा म्हणतात, बाबांनी खाल्ली आणि म्हणाले कांदा-दाण्याचं कूट घातलं असतं तर भरीत झालं असतं.

टिप: बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात, त्यामुळे प्लॅनची सुरुवात मंगळवारी ठेवा. शहराच्या म्युझियमना ठराविक दिवशी, ठराविक वेळी फुकट प्रवेश असतो, जाण्याआधी वेबसाइट बघून घ्या कारण वेळा बदलत असतात.

बुधवार, मोन्सेरात

प्लासा एस्पान्यावरून आर-५ ची लोकल आणि पुढे दातेरी रुळांची रेल्वे. डोंगर इतका विचित्र की फोटोत खरा वाटत नाही, दगडाची बोटं वर काढल्यासारखा. खाली ऊन आणि वर धुकं, स्वेटर न्याच.

इथल्या मठात मुलांची गायनशाळा आहे, कित्येक शतकं चालू असलेली, युरोपातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. फर्नांडो सोर इथला विद्यार्थी. १७७८ ला बार्सिलोनात जन्म, लहानपणी इथे पाठवला, इथे पाद्री अन्सेल्म व्हियोला यांच्याकडे संगीत शिकला. गिटारच्या विद्यार्थ्यांना सोर म्हणजे एट्यूड, म्हणजे सकाळी उठून रियाझाला घ्यायच्या त्या रचना, पण इथे चर्चमध्ये बसून मुलांचं गाणं ऐकलं आणि एकदम लक्षात आलं की सोरच्या एट्यूडमध्ये तीन-तीन आवाज वेगवेगळे का चालतात, खालचा बास, मधला आणि वरची चाल. तो गिटारवर कोरस लिहीत होता! हे मला टीचरने शंभरदा सांगितलं असेल, बेंचवर बसून कळलं.

सोरचं पुढे वाईट झालं. नेपोलियनच्या सैन्याने स्पेन घेतला, याच मोन्सेरातची १८११ मध्ये राखरांगोळी केली, आणि सोरने मात्र फ्रेंच राजवटीखाली नोकरी धरली. फ्रेंच हरले तेव्हा १८१३ मध्ये त्याला देश सोडावा लागला, तो परत कधीच आला नाही. पॅरिस, लंडन, मॉस्को, पुन्हा पॅरिस, १८३९ ला तिथेच गेला. लंडनमध्ये असताना मोझार्टच्या एका चालीवरची ओपस ९ (म्हणजे रचना क्रमांक ९) ही व्हेरिएशन्स, तीच चाल वेगवेगळ्या रूपांत, छापून आली, ती आजही प्रत्येक गिटारवाल्याला एकदा तरी वाजवायचीच असते.

पॅरिसमध्ये सोरचा मित्र होता माद्रिदचा दिओनिसिओ अग्वादो. सोर तारा बोटाच्या मांसाने छेडायचा, अग्वादो नखाने. दोघांनी एकत्र वाजवायला सोरने ओपस ४१ लिहिलं त्याचं नावच 'दोन मित्र'. बाबांना हे फार आवडलं. "म्हणजे घराणी दोन आणि जुगलबंदी एक," म्हणाले, आणि पुढच्या प्रवासात प्रत्येक गिटारवाल्याबद्दल एकच प्रश्न, "हा नखवाला का बिननखवाला?"

मुलांचं गाणं साधारण दुपारी एकच्या सुमारास असतं पण रोज नसतं, सुट्ट्यांमध्ये तर नसतंच, आदल्या दिवशी बघून ठेवा. अर्धा तास आधी जाऊन बसलात तरच जागा मिळते.

गुरुवार, विलारेआल

गाडी कास्तेयोनपर्यंत, तिथून व्हॅलेन्सियाकडे जाणारी सी-६ लोकल, थोडंच अंतर. रुळाच्या दोन्ही बाजूला संत्र्याच्या बागा आणि बाकी टाइल्सचे कारखाने. स्टेशनवर उतरून टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला तर तो हसून म्हणाला "स्टेडियम?" पिवळ्या जर्सीवाली टीम याच गावची ना. गिटार म्हटल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे नीट बघून घेतलं.

फ्रान्सिस्को तारेगा इथे २१ नोव्हेंबर १८५२ ला जन्मला. लहानपणी सांभाळणाऱ्या बाईच्या हातून निसटून पळाला आणि शेतीच्या पाटात पडला, डोळ्यांना कायमची इजा झाली. वडिलांना वाटलं पोरगं आंधळं झालं तर पोट कसं भरेल, म्हणून बिऱ्हाड कास्तेयोनला हलवलं आणि त्याला संगीत शिकायला लावलं. त्याचे पहिले दोन्ही गुरू आंधळे. याच लोकलच्या लाइनवर थोडं खाली सागुंतो लागतं, तिथे १९०१ ला रोद्रिगो जन्मला, तिसऱ्या वर्षी घटसर्पाने दृष्टी गेली. एका लोकलच्या पट्ट्यात ही दोन माणसं, मला तर खिडकीतून बागा बघताना काही सुचेना.

गावात तारेगाचा पुतळा आहे, रस्त्याला नाव आहे. पण खरी मजा बारमध्ये आली. या भागात सकाळी दहा-अकराला अल्मुएर्सो म्हणजे दणकून दुसरा नाश्ता करायची पद्धत आहे, हातभर पाव, आत बटाट्याचं ऑम्लेट, बाजूला ऑलिव्ह आणि शेंगदाणे. भाजलेले शेंगदाणे बघून बाबा घरी आल्यासारखे सैलावले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी विचारलं कुठून आलात, भारतातून, कशासाठी, तारेगासाठी. आजोबा एकदम खुश. त्यांची नात गिटार शिकते आणि तारेगाचं 'लाग्रिमा' वाजवून वाजवून तिने घरच्यांचं डोकं फिरवलंय, वर्षभर तेच चालूय म्हणे. (हे सगळं माझ्या फोनच्या ट्रान्सलेटरमधून, त्यामुळे 'डोकं फिरवलंय' हे माझं.) मी म्हटलं मी पण वर्षभर तेच केलं होतं, एकच पान आहे पण संपत नाही.

मग मी बाबांना तारेगाचा १९०२ चा 'ग्रान व्हाल्स' फोनवर लावून दिला. पहिले काही बार (आपल्या आवर्तनासारखे) नुसते ऐकत होते, मग ते तेवढे चार बार आले आणि बाबा खुर्चीतून उठायचेच बाकी राहिले. "अगं हा तर माझा फोन!" नोकियाची रिंगटोन. नव्वदच्या दशकापासून करोडो लोकांच्या खिशात वाजलेली ती चाल तारेगाची, त्याला जाऊन तेव्हा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झालेली. आजोबांना हे अर्थातच माहीत होतं, त्यांनी मान डोलावली जसं काही नोकियाने त्यांच्या परवानगीनेच घेतलंय.

मला विचाराल तर सगळ्या प्रवासात मोठा माणूस हाच. दुसऱ्याच्या वाद्यावरचं संगीत गिटारवर आणायचं ते याने मनावर घेतलं, शोपॅन, बीथोव्हन, आणि त्याचा दोस्त अल्बेनिझ. गंमत म्हणजे आज ज्याला लोक 'टिपिकल स्पॅनिश गिटार' म्हणतात ते 'आस्तुरियास' अल्बेनिझने पियानोसाठी लिहिलंय, ग्रानाडोसचं जे आपण गिटारवर ऐकतो तेही मूळ पियानोचं. डावा पाय उंच ठेवून गिटार मांडीवर धरायची पद्धत तारेगाने रुळवली, आणि शिष्य तयार केले. योबेत, पुजोल, फोर्तेआ. उतारवयात त्याने नखंही काढून टाकली. बाबा: "म्हणजे सोरकडे वळला."

दुपारी दोन ते पाच गाव अक्षरशः कुलूपबंद असतं. तेवढ्या वेळात कास्तेयोनला परत जा. त्याची कबरही तिथल्याच दफनभूमीत आहे, बार्सिलोनात १९०९ ला वारला आणि नंतर इकडे आणला.

शुक्रवार, नुसती बस

कास्तेयोन ते अल्मेरिया थेट ट्रेन नाही. अलिकांतेपर्यंत ट्रेन झकास, तिथून बस. बसचा एसी मुर्सियाच्या पुढे बंद पडला, मग एका पेट्रोलपंपावर दोन तास दुसऱ्या बसची वाट बघितली, डोक्यावर ऊन असं की एप्रिल आहे हे खरं वाटेना. तिथे एक मोरोक्कन कुटुंब होतं, त्यांनी खजूर दिले, आम्ही भाकरवडी दिली, त्यांच्या छोट्या पोराने पाच भाकरवड्या उडवल्या. शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या कडेने प्लास्टिकची ग्रीनहाऊसं सुरू होतात ती संपतच नाहीत, डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळं पांढरं. युरोपची भाजी इथून जाते. हा टप्पा करणार असाल तर एक मुक्काम अलिकांते किंवा मुर्सियाला टाका, म्हाताऱ्या माणसांना घेऊन एका दिवसात करू नका.

शनिवार, अल्मेरिया

सकाळी गिटार म्युझियम, तोर्रेसच्याच नावाचं, २०१३ मध्ये सुरू झालेलं. छोटंसं आहे, तिकीट किरकोळ. गिटार कशी बनते ते एकेका भागासकट उलगडून दाखवलंय आणि मला इथे पहिल्यांदा नीट कळलं की तोर्रेसने केलं काय. फळीच्या आतून पंख्यासारख्या पसरलेल्या सात पट्ट्या. पंखा त्याच्या आधीही होता, पण त्याने गिटारचं पोट मोठं केलं, फळी पातळ केली, तिला हलकासा घुमट दिला आणि त्या पट्ट्यांनी तो तोलून धरला. तारेची लांबी ६५ सेंटिमीटर. आज पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या दुकानात जी क्लासिकल गिटार लटकलेली असते तिचंही माप तेच आणि आकारही जवळजवळ तोच.

तोर्रेस १८१७ ला इथे जवळच ला कान्यादा दे सान उर्बानो इथे जन्मला. मूळचा सुतार. सेव्हिलला जाऊन गिटारी करायला लागला, तिथे हुलियान आर्कास या याच जिल्ह्यातल्या वादकाने त्याला डिवचलं की मोठ्या हॉलला पुरेल अशी कर. तारेगाला तरुणपणी मिळालेली तोर्रेस १८६४ ची, तिच्यावर त्याने आयुष्य काढलं. म्हणजे वाजवणारा, बनवणारा आणि लिहिणारा तिघं एकमेकांच्या हाताशी होते, म्हणून हे सगळं घडलं.

पण एवढं करून माणूस कफल्लकच. १८७० च्या आसपास सेव्हिल सोडून परत अल्मेरियाला आला आणि चक्क कपबशा-काचसामानाचं दुकान टाकलं. काही वर्षं गिटार केलीच नाही, मग १८७५ पासून फावल्या वेळात परत सुरू केलं ते १८९२ ला मरेपर्यंत. त्याला ओळखणाऱ्या एका पाद्र्याने फार नंतर लिहून ठेवलंय की म्हातारपणी त्याला कुणीतरी गुपित विचारलं तर म्हणाला, गुपित कसलं, तुम्ही बघताच आहात, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात फळी धरली की कळतं, आणि ते मला मागे ठेवून जाता येणार नाही. बाबा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुठ्ठ्याचं जाऊ दे, हे खरंय."

अल्मेरियात ड्रिंक मागवलं की तापा (खाण्याची छोटी प्लेट) फुकट, आणि तुम्ही निवडायचा. 'चेरिगान' म्हणून लांबट टोस्ट असतो, वर अलिओली (लसणाचं मेयोनीज) आणि काहीतरी. 'मांसाशिवाय' सांगितलं की हमखास ट्यूना घालतात, मासे नकोत हे वेगळं सांगा, हॅमपण नको हे तिसऱ्यांदा सांगा.

रविवार-सोमवार, ग्रानाडा

बसने दोन-अडीच तास, आणि उतरलो तर पाऊस. सिएरा नेवाडावर अजून बर्फ होतं. आलाम्ब्रा या जुन्या किल्ल्या-महालाचं तिकीट आधी काढलं नसेल तर विसरा, महिना-दीड महिना आधी काढा, नासरी महालांना दिलेली वेळ चुकली तर आत सोडत नाहीत आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

तारेगाचं 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा' इथलं. अंगठा बास धरतो आणि तीन बोटं एकच सूर इतक्या जलद छेडतात की तो तुटतच नाही. गाइड लोक सांगतात की हा कारंज्याचा आवाज आहे. असेलही, पण मी सिंहांच्या चौकात उभी राहून ऐकलं तर मला कारंजं काही तसं वाटलं नाही, मला वाटतं ज्याची नजर अधू आहे त्याला हा महाल आधी कानाने भेटला असणार आणि तेवढं पुरे. बाबांना ट्रेमोलोचा हिशोब लगेच कळला, "चारातला एक अंगठा, तीन बोटं," आणि गुडघ्यावर वाजवायला लागले, सिक्युरिटीवाली बाई बघत होती.

आलाम्ब्राच्या मागच्या उतारावर आंतेकेरुएला नावाच्या गल्लीत मानुएल दे फाया या संगीतकाराचं छोटं घर आहे, निळ्या दारांचं, पलंग अगदी जोग्याचा. योबेत किती तरी दिवस त्याच्या मागे लागला होता की गिटारसाठी काहीतरी लिही. शेवटी १९२० मध्ये देब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या आठवणीत फायाने 'ओमेनाहे' लिहिलं, तीनेक मिनिटांचं, आणि गिटार न वाजवणाऱ्या मोठ्या संगीतकाराने तिच्यासाठी लिहायची जी रीत विसाव्या शतकात पडली तिची सुरुवात बरेच लोक इथूनच धरतात. १९२२ च्या जूनमध्ये फाया आणि कवी लोर्का यांनी आलाम्ब्राच्या चौकात कांते होंदोची (फ्लामेन्कोतल्या जुन्या गाण्याची) स्पर्धा भरवली, दुसऱ्या रात्री पाऊस आला तरी लोक हलले नाहीत. आम्हाला मात्र आमच्या पावसात छत्री घ्यावी लागली, बारा युरो, टुरिस्ट भाव.

कुएस्ता दे गोमेरेस ही आलाम्ब्राकडे चढणारी गल्ली, इथे गिटार बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. सोमवारी एका वर्कशॉपचं दार उघडं होतं, आत पन्नाशीचा माणूस फळी तासत होता. या म्हणाला. इंग्लिश मोडकंतोडकं पण आमचंही तसंच. मी पाठीची लाकडं बघत होते तर त्याने एक गडद चॉकलेटी फळी उचलून बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला "इंडिया". शिसव! ब्राझीलचं शिसव १९९२ पासून व्यापाराला बंद झालं, तेव्हापासून तर जास्तच, जगभरच्या बऱ्याच क्लासिकल गिटारींच्या पाठी आपल्याकडच्या शिसवाच्या असतात. फ्लामेन्कोला सायप्रस, आवाज कोरडा आणि चटकन, क्लासिकलला शिसव. बाबांनी फळीवर बोटाने टिचकी मारली, कानाशी नेली, पुन्हा मारली. मग तो माणूस आणि बाबा दोघं मिळून वर्कशॉपमधल्या एकेका फळीला टिचक्या मारत बसले, मला कुणी विचारेना. पुठ्ठ्याच्या गिटारबद्दल बाबांनी विचारलंच. तो म्हणाला तोर्रेस बरोबर होता, पण गिऱ्हाईक पुठ्ठ्याचे पैसे देत नाही.

संध्याकाळी सान निकोलासच्या कट्ट्यावर समोर आलाम्ब्रा आणि कट्ट्यावर एक व्हेनेझुएलाचा तरुण गिटार वाजवत बसलेला. तो 'रेकुएर्दोस' वाजवत होता, लोक नाणी टाकत होते. मी जाऊन लाउरोचा व्हाल्स येतो का विचारलं तर त्याचा चेहराच बदलला. अंतोनिओ लाउरो त्याच्याच देशाचा, ३/४ मधे चालता चालता ६/८ चा झोल देणारे व्हाल्स लिहिणारा. तो वाजवला, बाबांनी मांडीवर ठेका धरला आणि दोनदा फसले, तेव्हा कुठे त्यांना मजा आली. मग त्याने पॅराग्वेच्या अगुस्तिन बारियोसचं 'ला कातेद्राल' वाजवलं. नाणी जवळजवळ बंद. तो म्हणाला, इथे लोकांना वाटतं गिटार म्हणजे स्पेन, आमच्याकडे मात्र प्रत्येक देशाने तिला आपलं काहीतरी शिकवलंय. बारियोस १८८५ चा, काही वर्षं डोक्यात पिसं खोचून, नाव उलटं लिहून 'नित्सुगा मांगोरे' म्हणून स्टेजवर यायचा, लोखंडी तारा लावायचा म्हणून लोक नाकं मुरडायचे, १९४४ ला एल साल्वाडोरमध्ये गेला. त्याच्या बऱ्याच रचना जगाने ऐकल्या त्या त्यानंतर तीसेक वर्षांनी.

ग्रानाडात खा: मधासारख्या उसाच्या काकवीत घोळलेली तळलेली वांगी. काकवी म्हटल्यावर बाबांनी दोन प्लेट मागवल्या.

मंगळवार, लिनारेस

लिनारेस बाबांना आधीपासून माहीत होतं, गिटारमुळे नाही, बुद्धिबळामुळे! इथली स्पर्धा आनंदने १९९८ ला जिंकली तेव्हाचं कात्रण त्यांच्याकडे आहे. शिशाच्या खाणींवर वाढलेलं गाव, खाणी बंद पडल्या, आता शांत. टुरिस्ट नाही, इंग्लिश नाही, तापा मात्र आख्ख्या प्रवासात इथे सगळ्यात मोठा.

गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया इथे २१ फेब्रुवारी १८९३ ला जन्मला, त्याचं म्युझियम ओरोस्को पॅलेसमध्ये आहे आणि त्याच इमारतीच्या तळघरात त्याला पुरलंय. वर पदव्या, फोटो, खाली तो. म्युझियमच्या बाई आमच्याबरोबर फिरल्या, आम्ही दोघंच होतो, आणि बाबा वाकून नमस्कार करायला लागले तर त्या गोंधळून आपणही वाकल्या.

सेगोव्हियाबद्दल माझं मत जरा तिरकस आहे. १९०९ ला ग्रानाडात पहिला कार्यक्रम, १९२४ ला पॅरिस, १९३५ ला पॅरिसमध्ये गिटारवर बाखचा शाकोन, ९४ वर्षं जगला आणि जवळजवळ शेवटपर्यंत वाजवत राहिला, हे सगळं खरं. गिटारला मोठ्या हॉलमध्ये त्यानेच नेलं. मेक्सिकोच्या मानुएल पोन्सेकडून इतकं लिहून घेतलं की अर्धा रेपर्टरी त्याचा, आणि वर दोघांनी मिळून एक लबाडी केली, पोन्सेने लिहिलेला सूट (छोट्या तुकड्यांची माळ) अठराव्या शतकातल्या वाइस नावाच्या जर्मन ल्यूटवाल्याचा म्हणून सेगोव्हिया वाजवत राहिला आणि समीक्षकांना पत्ता नाही. बाबांना हसू आवरेना, "लोक दुसऱ्याची चोरून आपली सांगतात, हे उलटंच!" महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, ते आतडं जखमा शिवायला जात होतं, तेव्हा न्यूयॉर्कच्या ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा केल्या त्याही सेगोव्हियाने वाजवल्या म्हणून जगाने घेतल्या.

पण त्याला जे आवडलं नाही ते त्याने दाबलं नाही तरी वाजवलंही नाही, आणि त्याने वाजवलं नाही म्हणजे ते मेलंच. स्वित्झर्लंडच्या फ्रांक मार्तांने १९३३ मध्ये त्याच्यासाठी लिहिलेले चार तुकडे बाजूला पडले. बारियोसला तो भेटला होता, पण त्याचं संगीत काही आपल्या कार्यक्रमात घेतलं नाही. रोद्रिगोचा 'अरांहुएझ' तर जगप्रसिद्ध झाला तरी याने वाजवला नाही, मग रोद्रिगोने १९५४ मध्ये गास्पार सान्सच्या सतराव्या शतकातल्या गिटारच्या रचना घेऊन त्याच्यासाठी वेगळी 'फांतासिया' लिहिली. शिवाय स्वारी म्हणायची मी माझाच गुरू आणि माझाच शिष्य. विलारेआलला जाऊन आल्यावर हे ऐकायला जड जातं. बाबा मात्र त्याच्या बाजूने. "अगं, मैफल जमवणारा पण लागतो." आणि हो, नखवाला. नख आणि मांस दोन्ही एकदम.

टिप: लिनारेस-बाएझा स्टेशन गावाबाहेर आहे, टॅक्सीचा नंबर आधीच घेऊन ठेवा. म्युझियमच्या वेळा फोन करून विचारा.

बुधवार, अरांहुएझ

माद्रिदच्या गाडीनेच येता येतं, काही गाड्या इथे थांबतात. नाहीतर माद्रिदहून सी-३ लोकल. महाल बघून झाला की बागा, नदीकाठच्या, उंचच उंच झाडं, मोर आणि गुळगुळीत सावली. इथे रोद्रिगो आणि त्याची बायको विक्तोरिया कामी एकाच ठिकाणी पुरलेले आहेत, तो १९९९ मध्ये गेला, राजाने त्याला आधीच 'अरांहुएझच्या बागांचा मार्की' केलं होतं.

त्याला गिटार वाजवता येत नव्हती, हे बाबांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. पियानोवर बसायचा, ब्रेलमध्ये लिहायचा आणि मग सूर सूर सांगून उतरवून घ्यायचा. पॅरिसमध्ये १९३९ ला हा कॉन्सिएर्तो लिहून बायकोबरोबर स्पेनला परतला तेव्हा महायुद्ध पेटायच्या बेतात होतं. मधली अडाजियो, जी सगळ्यांना येते, तिच्यामागे लग्नानंतरचे इथल्या बागांतले दिवस आणि पहिलं मूल गेल्याचं दुःख आहे असं विक्तोरियाने नंतर लिहिलंय. मी बेंचवर बसून बाबांना एक इअरफोन दिला. इंग्लिश हॉर्न आधी गातो, गिटार नुसती साथीला, मग उलटं. बाबांचं लक्ष भलतीकडेच, "एवढा वाद्यवृंद आणि ही बारीक गिटार ऐकू कशी येते?" मी म्हटलं तीच तर कमाल आहे, ती वाजते तेव्हा बाकीचे जवळजवळ गप्प बसतात, सगळे एकदम कधी अंगावर येत नाहीत. "समजूतदार तबलजी आहे," बाबा म्हणाले.

स्ट्रॉबेरी! वसंतात अरांहुएझची स्ट्रॉबेरी खायला माद्रिदहून लोक येतात, वीकेंडला जुन्या डब्यांची स्ट्रॉबेरी ट्रेनसुद्धा सुटते, तिची तिकिटं आधी संपतात. आम्ही बाजारातून घेतली, नदीकाठी बसून खाल्ली, क्रीम घालून मिळते पण नुसतीच चांगली. महाबळेश्वरची जास्त गोड असं बाबांनी जाहीर केलं आणि अर्धा किलो आणखी घेतली. दुपारी चारनंतर हॉटेलांची किचनं बंद होतात, जेवण आधी उरकून घ्या.

बाबांनी आता बारियोसच्या गावाचा रस्ता शोधायला घेतलाय, सान हुआन बाउतिस्ता, असुन्सियोनहून पुढे बसने जायचं. पुण्याहून असुन्सियोनला जायची विमानं बघून माझे डोळे फिरलेत. तिकडे कुणी गेलं असेल तर सांगा, विशेषतः तिथल्या बसचा एसी चालतो का ते.